चांगलं असंल तर हिरवा

२ जून, सोमवार
आजपासून रोज लिवायचं. वहिनीसाहेब म्हणल्या, मावशी, सुपरवायझर व्हायचं तर रोजची नोंद ठेवायची सवय पाहिजे. वही त्यांनीच दिली. माझी शाळा चौथीपतूर. पण अक्षर वळणदार हाय, गुरुजी म्हणायचे.
ही वही कुणाला दाखवायची न्हाई. वहिनीसाहेबांना बी न्हाई.
गोष्ट अशी हाय. आमच्या शेडात बेदाणा निवडायचं काम चालतं. पट्टा फिरतो, दोन्ही अंगाला बत्तीस बायका. काडी आणि काळा मणी उचलायचा, चांगला हिरवा पुढं जाऊ द्यायचा. या बत्तीसजणींवर नऊ वर्षं मी मुकादम. आता मालक, नानासो, हायवेला नवं पॅकिंग युनिट काढतायत. तिथं लेडीज सुपरवायझर पायजे. पर्मनंट. काचेची केबिन, फिरती खुर्ची. काल जाऊन बघून आले. खुर्ची अजून आली न्हाई. पण जागा वाऱ्याची हाय.
दुसरं हाय कोण?

४ जून, बुधवार
वहिनीसाहेब म्हंजे नानासोंची सून, संयोगिता. पुण्याला शिकल्यात. आज पट्टा बंद करून सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, सुपरवायझर कोण ते मी ठरवणार नाही, तुमच्या फीडबॅकवर ठरणार.
बयाबाईनं विचारलं, म्हंजे काय असतंय, खायाचं का लावायचं? सगळ्या हसल्या. मी म्हणलं, गप. गप झाल्या.
वहिनीसाहेबांनी लय वेळ समजावलं. मला कळलं ते एवढंच. मागनं बोलायचं ते पुढनं बोलायचं.
मला काय भ्या? माझ्या मागनं कोण बोलतच न्हाई. कामावर बोलणं बंद हाय.
पट्टा पाऊण तास बंद होता. पाऊण तास! फीडबॅकनं माल निवडून निघत न्हाई.

७ जून, शनिवार
फॉर्म आले. दहा प्रश्न. सुपरवायझर तुमचं ऐकून घेतात का? आदराने बोलतात का? एक ते पाच आकडे, त्यातल्या एकाला गोल करायचा. पाच म्हंजे लय चांगलं.
निम्म्या बायकांना वाचता येत न्हाई. बाकीच्यांना येतं पण हात धुवून पुसून लिवत कोण बसणार? वेळ वाया. मी म्हणलं, आणा इकडं. जेवणाच्या सुट्टीत एकटीनं बत्तीस फॉर्म भरले. मला माहितीच हाय त्यांच्या मनात काय हाय ते.
सगळीकडं पाच. दोन ठिकाणी चार केला. खरं वाटाय पायजे.

९ जून, सोमवार
वहिनीसाहेबांनी केबिनीत बोलावलं. म्हणल्या, मावशी, बत्तीस बायकांकडं एकच पेन होतं का? मी म्हणलं, व्हय. म्हणल्या, आणि एकच हात?
हसल्या. मला हसण्यासारखं काय दिसलं न्हाई. मदत केली ती दिसंना.
फॉर्म रद्द.

१० जून, मंगळवार
घरी बी फीडबॅक घ्यायचं ठरवलं. सवय पायजे. बाळासो जेवायला बसले होते. आमचे मालक हो, दुसरे कोण. विचारलं, आवं, बायको म्हणून मला एक ते पाचात किती द्याल?
म्हणले, फौजेत सतरा वर्षं काढली. तिथं फीडबॅक म्हंजे यस सर.
मी म्हणलं, आकडा सांगा.
म्हणले, यस सर.
मी पाच धरले.

१२ जून, गुरुवार
डोक्यात आयडिया आली. लिवता येत न्हाई तर लिवायचं कशाला? आमच्या बायकांना बेदाण्यातलं कळतं. डोळे मिटून मणी दाबला तरी ग्रेड सांगतील. तर डबा ठेवायचा. सुपरवायझर म्हणून मी चांगली असंल तर हिरवा टाका, वाईट असंल तर काळा.
वहिनीसाहेब खुर्चीवरनं उठल्याच. म्हणल्या, मावशी, ब्रिलियंट! लॅपटॉपवर लिवून घेतलं. बघा. एमबीएला जे सुचलं न्हाई ते चौथीला सुचलं.
केबिनीला पडदा निळा लावायचा. ऊन लागतंय दुपारचं.

१४ जून, शनिवार
पुढच्या शनिवारी डबा. तवर बायकांना आठवण करून द्यायची का मी काय काय केलंय ते. माणूस विसरतं.
संडासला जायला चिठ्ठी ठेवली. आधी चौघी चौघी जायच्या आणि तिथंच बैठक भरायची. शिस्त कुणी आणली? मी.
मोबाईल सकाळी बादलीत. बादली माझ्या टेबलाखाली. मोबाईल हातात असला का डोळे मालावर राहत न्हाईत. तीन वर्षांत एक माल परत आला न्हाई. हे कुणामुळं?
तोंडानं मी फाटकी हाय, मान्य. आंधळी म्हणते, मुडदा बशिवला म्हणते. पण पोटात काय ठेवत न्हाई. बायकांना हे आवडतं. आतल्या गाठीचं माणूस वाईट.
पल्लवीला मातर सांगाय पायजे. बारावी झालीय, तेवीस वर्षांची पोर, रजा मागताना बी इंग्रजी. परवा म्हणली, आक्का, फीडबॅक सीक्रेट असतो. मी म्हणलं, मला शिकवू नको, आयडिया माझी हाय.

२१ जून, शनिवार. दुपारी
डबा झाला. स्टोअर रूमात पडद्यामागं ठेवला होता. लाडवाचा पत्र्याचा डबा, झाकणाला भोक. शेजारी दोन वाट्या, एकीत हिरवा, एकीत काळा. एकेक बाई आत जायची, टाकून यायची.
मी दारात उभी राहिले. कुणाला कळलं न्हाई तर समजवायला. प्रत्येकीला सांगत होते, भिऊ नको, मनात हाय तेच टाक, हिरवा उजव्या वाटीत हाय. वहिनीसाहेबांनी मला गेटावर टेम्पो आला का बघाय पाठवलं. टेम्पो आला नव्हता. यायचाच नव्हता.
शेवटाला मी बी आत जाऊन एक हिरवा टाकला. मी बी कामगारच हाय.
चार वाजता सगळ्यांसमोर उघडायचाय. पेढे सांगितलेत.

२१ जून. संध्याकाळी
परातीत वतलं. सगळं काळं.
मधी एक हिरवा.
मग बयाबाई म्हणली, जाऊ द्या आक्का, यंदा काळ्या मालाला भाव हाय. तेवढ्यात पेढेवाला आला. पेढे वाटले. सगळ्यांनी खाल्ले. पेढ्याला कुणी न्हाई म्हणलं न्हाई.

२२ जून, रविवार. सुट्टी
झोप न्हाई. पण आता सगळं ध्यानात आलं.
एक. या बायकांचा हात सारा जन्म काळा मणी उचलतोय. काळा दिसला का उचल, हिरवा राहू दे. त्यांच्या हाताला दुसरं येतंच न्हाई. वाटीत हात घातला, काळाच आला. यात माझा काय दोष?
दोन. हिरवा माल मालकाचा. चांगला माल असा डब्यात कोण फुकट टाकंल? माझ्या बायका इमानी हायत. इमान मीच शिकवलंय.
म्हंजे उलटं बघितलं तर हे माझंच सर्टिफिकेट हाय.
आणि तरीसुद्धा एक बाई अशी निघाली का हाताची सवय मोडून तिनं हिरवा उचलला. ती कोण, मला ठाऊक हाय. रंगुबाई. पंधरा वर्षं आमी एका चटणीला दोघी जेवलोय. आता लांब बसती, पित्त झालंय म्हणती. पण मन जाग्यावर हाय.

२३ जून, सोमवार
वहिनीसाहेबांना सवयीचं समजावलं. मग म्हणल्या, बरं. पाच जुलैला परत घेऊ. या वेळी उलटं. काळा म्हणजे चांगलं, हिरवा म्हणजे वाईट. मग तर सवय तुमच्याच बाजूनं, हो ना मावशी?
व्हय की!
माणसाला समजावलं का समजतं. शिक्षण आड येतं एवढंच.

२५ जून, बुधवार
ठराव केले.
१. शिव्या बंद.
२. संडासची चिठ्ठी बंद. पाच जुलैपतूर.
३. सगळ्यांना नावानं हाक मारायची.
सकाळी बयाबाईला म्हणलं, बयाबाई, जरा डावीकडं बघता का, काडी जातीय. तिनं पट्ट्यावरचा हात काढला आणि माझ्या कपाळाला लावला. म्हणली, आक्का, ताप हाय का? पलीकडनं कुणी तरी म्हणलं, इलेक्शन लागलंय.
कोण म्हणलं ते बघितलंय. पाच तारखेनंतर बघते.

२७ जून, शुक्रवार
ठराव एक मोडला. पण कारण तसंच होतं. काडीसकट माल पुढं गेला. एकदाच आंधळी म्हणलं. दोनदा.
दुपारी रंगुबाईजवळ जाऊन बसले. शेंगदाण्याची चटणी तिच्याकडं सरकवली. म्हणलं, मला कळलंय हं. ती म्हणली, काय? मी म्हणलं, कळलंय. तिनं भाकरी फडक्यात बांधली आणि नळावर गेली. पित्त लय वाईट.
हिला नव्या युनिटला माझ्या हाताखाली घ्यायची.

५ जुलै, शनिवार
दुसरा डबा. वहिनीसाहेबांनी आधी सगळ्यांकडनं तीन तीनदा वदवून घेतलं. काळा म्हंजे? चांगलं! हिरवा म्हंजे? वाईट! शाळेगत. पल्लवीचा आवाज सगळ्यांत मोठा.
या खेपेला एकेक बाई आत गेली का वहिनीसाहेब बी आत. बोलत होत्या तिच्याशी. लय वेळ. मला बाहेर काय ऐकू आलं न्हाई, दार जाड हाय.
शेवटाला मी आत जायला लागले तर म्हणल्या, मावशी, तुम्ही नाही. तुमच्याबद्दलच विचारतोय ना. मग म्हणल्या, मागच्या वेळी टाकला नव्हता ना तुम्ही?
मी म्हणलं, छ्या.
परातीत वतलं. सगळं हिरवं. असा माल वर्षात बघितला न्हाई. एकसारखा, टपोरा, काडी न्हाई का डाग न्हाई. काळा एक बी न्हाई. मी हात घालून खालवर केलं, कुठं खाली बसला असंल म्हणून. दोनदा केलं.
रंगुबाईचा काळा कुठं गेला?
उलटंपालटं ध्यानात राहिलं नसंल तिच्या. वय झालं. माझ्याएवढीच हाय, पण तिचं झालं.

७ जुलै, सोमवार
केबिनीत बोलावलं. मी तयारी करून गेले. चिठ्ठीचं काढलं तर हे सांगायचं, शिव्यांचं काढलं तर ते. सगळ्याला उत्तर होतं.
वहिनीसाहेब म्हणल्या, मावशी, मी नाव सांगणार नाही. पण चिठ्ठीबद्दल एक-दोघीच बोलल्या. शिव्यांबद्दल तर म्हणाल्या, ते चालतं, आक्काचं तोंडच तसं. बाकी सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली. शिमग्याच्या आदल्या आठवड्यातली.
मी सांगावं म्हणून बसल्या. मी पंख्याकडं बघत बसले.
ती गोष्ट अशी हाय. इथं लिवते, वही माझी हाय. त्या दिवशी ट्रक दारात उभा होता. दोन वाजेपतूर लोड व्हायलाच पायजे, न्हाईतर मालकाचं तोंड कोण ऐकणार. अकरा वाजता बादलीत रंगुबाईचा फोन वाजाय लागला. स्क्रीनवर दादा म्हणून आलं. तिचा भाऊ, वडूजचा. मी बंद केला. परत वाजला. सात खेपा वाजला. मग आवाजच बंद करून टाकला. मला काय सपान पडलं होतं का, तिची आई गेली म्हणून?
खरं सांगायचं तर चौथ्या खेपेला मला वाटलं होतं. म्हातारी आजारीच होती. पण रंगुबाई उठली असती तर तिच्या मागं चारजणी उठल्या असत्या. वाटलं, दोन वाजता सांगू. तीन तासानं काय होतंय.
दोनाचे अडीच झाले. ती वडूजला पोचली तवा माती झाली होती. उनाचे दिवस, थांबले न्हाईत.
मी दहाव्याला गेले. साडी नेली. चांगली नेली.
सगळ्यांच्या तोंडात तेवढंच. ठरवून आल्या म्हंजे. मी वहिनीसाहेबांना म्हणलं, ज्याचं त्याला काय वाटत न्हाई, दुसऱ्यांनाच उमाळा. रंगुबाईला विचारा. तिनं पहिल्या खेपेला मला हिरवा टाकलाय.
वहिनीसाहेब काय तरी बोलणार होत्या. लॅपटॉप मिटला.

८ जुलै, मंगळवार. सात वाजता
रंगुबाईच्या घरी जाऊन आले. सरळ विचारलं. मला आडवळणाचं येत न्हाई.
म्हणलं, पहिल्या खेपेला तू काय टाकलास?
म्हणली, काळा.
म्हणलं, चुकून?
म्हणली, सवड काढून. वाटीतला सगळ्यात काळा बघून टाकला.
म्हणलं, मग तो हिरवा कुणाचा?
ती हसली. आई गेल्यापासनं पहिल्यांदा मी तिला हसताना बघितलं. म्हणली, तूच आठव, चंद्रे.
मग चूल सारली, चहा ठेवला. पाठ फिरवून म्हणली, फोन बंद केलास ते एक झालं. ट्रकची घाई होती, ते बी झालं. दहाव्याला आलीस तवा मला वाटलं, आता म्हणंल. साडी ठेवलीस, जेवलीस, भाजीत मीठ कमी म्हणलीस आणि गेलीस. चार महिने तुझ्यासमोर बसून निवडती मी. रोज वाटतं, आज म्हणंल, रंगे, माझं चुकलं.
माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. पण चहा लय गरम होता.
घरी येऊन बाळासोंना म्हणलं, रंगुबाई बदलली.
ते म्हणले, यस सर.

९ जुलै, बुधवार
राजीनामा देणार. नऊ वर्षं हाडाची काडं केली आणि बक्षीस काय, परातभर बेदाणा. मी गेले का कळंल. आठ दिवसांत माल परत यायला लागंल. नानासो स्वतः गाडी घेऊन घरी येतील. तवा सांगीन, आधी फीडबॅक घ्या, मग येते.
राजीनाम्यातला जी ऱ्हस्व का दीर्घ? पल्लवीला विचारणार न्हाई.

१० जुलै, गुरुवार
राजीनामा दिला. नानासोंनी वाचला न्हाई. म्हणले, कशाला चंद्राबाई, बसा की पट्ट्यावर. एक बाई कमीच हाय तिथं.
कमी का, तर पल्लवी नव्या युनिटला सुपरवायझर झाली. ते सुरू होईपतूर इथलं बी तीच बघणार. तेवीस वर्षांची पोर.
विचार करून सांगते म्हणलं.
सोमवारपासनं जाणार. म्हंजे मला गरज हाय म्हणून न्हाई. त्यांना गरज हाय. आणि पट्ट्यावर बसून एकदा दाखवते काम कसं करायचं ते. मुकादम व्हायच्या आधी माझ्यासारखा हात शेडात कुणाचा नव्हता. विचारा कुणाला बी.

१४ जुलै, सोमवार
बसले. नऊ वर्षांनी. पट्टा जिकडनं येतो त्या अंगाला लीलाबाई, पुढच्या अंगाला बयाबाई. रंगुबाईनं जागा बदलून घेतली, ती पार टोकाला.
पट्टा सुरू झाला. मी म्हणलं, ए पल्लवी, जोरात सोडलायस, कमी कर. ती आली, बघितलं, म्हणली, आक्का, तुमी लावून दिलेलाच हाय, मी हात लावला न्हाई.
मला काडी दिसंना. मणी दिसंना. सगळं एकच दिसतंय, गढूळ पाणी वाहिल्यागत. बोट घालावं तर तिथलं पुढं गेलेलं. दोन चांगले उचलले आणि टाकून दिले. डोळ्यात पाणी आलं. बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असती, त्या वासानं येतं.
तासाभरानं ध्यानात आलं. लीलाबाई तिच्या वाटणीचं उचलून माझ्या वाटणीचं बी उचलतीय. त्यातनं माझ्यापतूर आलेलं आणि माझ्याकडनं सुटलेलं पुढं बयाबाई उचलतीय. मधी मी नुसते हात हलवतीय. दोघी काय बोलत न्हाईत. पट्ट्यावरनं मान वर करत न्हाईत. आंधळी म्हणत न्हाईत.
दुपारच्या सुट्टीत मी म्हणलं, माझं चुकतंय का गं? चुकत असंल तर सांगा. तोंडावर सांगा. मला राग यायचा न्हाई.
लीलाबाई डब्यात बघाय लागली. बयाबाईनं तोंडातला घास संपवला. पाणी प्याली.
म्हणली, न्हाई आक्का. चांगलं चाललंय तुमचं.